न गेलेला वारकरी

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यात, मोडनिंबजवळ अरण नावाचं गाव आहे. तिथल्या एका माळ्याची ख्याती अशी की, तो कधी पंढरपूरला गेला नाही. पंढरी काही काशीइतकी लांब नव्हती, याच जिल्ह्यातली. वारकऱ्यांच्या हजेरीपुस्तकात याहून ठळक गैरहजेरी दुसऱ्या कुणाची नसेल. तरीही संतांच्या पंगतीत त्याचं पान मानानं मांडलेलं असतं. संत सावता माळी. जन्म 1250चा, समाधी 1295ची. म्हणजे उणंपुरं पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यातलं बरंचसं वाफ्यात वाकून काढलेलं.

घरात वारी नव्हती असंही नाही. आजोबा देवू माळी पंढरीचे नेमाचे वारकरी. वाट ठाऊक, रीत ठाऊक, टाळ घरात. नातवानं मात्र हातात खुरपं धरलं ते धरलंच.

लोक म्हणतात, त्यांना मळ्यातच विठ्ठल दिसायचा. असेल. पण भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाला दुसरंही एक कारण लगेच कळतं. मेथीला एकादशी कळत नाही. दोन दिवस काढायची राहिली की ती फुलावर येते. वांगं तोडायचं राहिलं की निबर होतं. त्यात आषाढी येते ती ऐन खुरपणीच्या दिवसांत. माझे एक मामा होते. गळ्यात तुळशीची माळ, रात्री उशाशी हरिपाठ, आणि दरवर्षी जूनमध्ये "यंदा जायचंच" ही घोषणा. मग कधी गाय व्यायला व्हायची, कधी शेताची लाईट नेमकी रात्रीची यायची आणि पाणी धरायला दुसरं कुणी नसायचं. गावची दिंडी निघाली की मामा बांधावरून हात जोडायचे. आल्यावर वारकऱ्यांकडून बुक्का आणि चुरमुरे हक्कानं मागून घ्यायचे. मामी टोमणा मारायची, तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : "पांडुरंगाला काय, कमरेवर हात ठेवून उभं राहायचंय. माझ्या वांग्यांकडं कोण बघणार?" मामांना कुणी संत म्हटलं नाही, पण बैठक तीच.

सावतोबांनी संसारही रीतसर केला. भेंड गावच्या जनाईशी लग्न झालं, दोन मुलं झाली. मुलीचं नाव नागाताई आणि मुलाचं विठ्ठल. हा मला त्यांचा सगळ्यात धूर्त बेत वाटतो. पंढरीला जायचं नाही, पण दिवसभर घरात 'विठ्ठला, पाणी आण', 'विठ्ठला, गुरं सोड' चाललेलंच असणार. नामस्मरणही झालं आणि कामंही झाली.

एक कथा सांगतात. सासुरवाडीची माणसं अरणला आली. सावतोबा भजनात रंगलेले, त्यांचं पाहुण्यांकडे लक्षच गेलं नाही. जनाई संतापली. पुढं सावतोबांनी गोड बोलून तिची समजूत घातली, असं कथेकरी एका वाक्यात उरकतात. मला ते एक वाक्य फार तोकडं वाटतं. माहेरची माणसं दारात, पायावर पाणी घालायला कुणी नाही, चुलीवर काय चढवावं हे सुचत नाही आणि घरधनी डोळे मिटून टाळ वाजवतोय! आपल्या संतचरित्रांत बायका भेटतात त्या बहुधा रागावलेल्याच. तुकोबांची आवली रागावलेली, नामदेवांची राजाई रागावलेली आणि नामदेवांच्या आई गोणाई तर थेट विठ्ठलाशीच भांडायला उभ्या. या बायकांना कजाग म्हणणाऱ्यांनी एकदा ऐन जेवणवेळी पाच पाहुणे अंगावर घेऊन पाहावेत. सावतोबांच्या बाजूनं इतकंच म्हणता येईल की, ते घरातच होते. रागवायला नवरा हाताशी असणं हेही सुखच, असं मामी म्हणायची. मामांच्या देखत मात्र नाही.

पाहुण्यांकडे लक्ष न देणाऱ्या या गृहस्थाकडे पुढं खरा पाहुणा आला. विठ्ठल, ज्ञानदेव आणि नामदेव कूर्मदासाला भेटायला निघाले होते. कूर्मदास पैठणचा, हातपाय नसलेला. सरपटत पंढरीला निघालेला आणि वाटेत लऊळला अडलेला. जाताना विठ्ठलाला अरण लागलं. दोघांना मागं ठेवून देव एकटाच मळ्यात शिरला आणि म्हणाला, "चोर मागं लागलेत, कुठंतरी लपव मला." सावतोबांनी खुरप्यानं पोट चिरलं, देवाला आत ठेवलं आणि वर उपरणं गुंडाळलं. इकडं नामदेव देव हरवला म्हणून कासावीस. अखेर पीतांबराचा शेव बाहेर दिसला म्हणून चोरी उघडी पडली. ज्यांना चोर म्हटलं ते ज्ञानदेव आणि नामदेव! इतका खेळकर प्रसंग संतचरित्रांत विरळा. आणि एक बारकावा पाहा : लपवायला हत्यार कुठलं, तर खुरपं. हातातलं काम तिथंही सुटलेलं नाही.

त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. आज सदतीस मिळतात. त्यांच्या नावावरच्या फार लाडक्या एका अभंगात भाज्यांबरोबर मिरचीही गायली जाते. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर, सावतोबांनंतर दोन-अडीचशे वर्षांनी. अभ्यासकांना यावर खुशाल वाद घालू द्या. मला वाटतं, पुढच्या गाणाऱ्यांनी मळ्यात एक वाफा आपल्या पदरचा वाढवला. मिरचीवाचून स्वयंपाक सुचेना अशा कुणा माउलीला राहवलं नसावं. सावतोबा रागावले नसते. फार तर मिरचीला पाणी वेळेवर घाला म्हणाले असते.

शके 1217च्या आषाढ वद्य चतुर्दशीला ते गेले. आषाढी होऊन गेलेली, वारकरी परतलेले. पुण्यतिथी अजून त्याच दिवशी होते. आषाढीला जागोजागच्या संतांच्या पालख्या पंढरपुरात दाखल होतात, अरणहून मात्र जात नाही. उलट या पुण्यतिथीला विठ्ठलाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. तेव्हा यंदा आषाढी चुकली असेल तर फार जिवाला लावून घेऊ नका, हातातलं काम उरकून चतुर्दशीच्या सुमारास अरणला जाऊन या. तिथं श्रीफळ हंडी असते; वर नारळ बांधलेले असतात आणि ते फुटतात. डोकं सांभाळा.