कोंबडीचं चित्र

दूध पिशवीतून येतं, असं शहरातली मुलं सांगतात आणि आईबापांना गहिवरून येतं. मग कृषी पर्यटन केंद्रावर सहल निघते. तिथली गाय आंघोळ घालून तयार असते. शेळीला पाला भरवता येतो, लाडकं नावही देता येतं. दुपारच्या पंगतीत मटण आहे, एवढं फक्त मुलांसमोर हळू बोलायचं.

परतल्यावर चित्र काढायचं : 'माझी आवडती कोंबडी'. प्रत्येकाला ए-४ कागद, म्हणजे सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर. त्यात कोंबडी, तिची पिल्लं, उकिरडा, डोंगरामागचा सूर्य, सगळं ऐसपैस मावतं. आपल्याकडे तारेच्या पिंजऱ्यात अंडी घालणाऱ्या खऱ्या कोंबडीच्या वाट्याला साधारण ४५० येतात. पंख पसरायचेच असतील, तर तिने चित्रात राहायला जावं.

आणि पिल्लं? अंड्यांसाठीच्या जातीतला नर अंडी घालत नाही, मांसासाठी पोसणंही परवडत नाही. उबवणी केंद्रात बहुतेकदा पहिल्याच दिवशी त्याचा निकाल लागतो. हा धडा कितवीत शिकवावा, यावर पालकसभेत दुर्मीळ एकमत आहे : पुढच्या इयत्तेत.

म्हशीला दूध रेडकासाठी येतं, हे ऐकून एखादं आगाऊ पोर विचारतंच, "मग ते सगळं आपण प्यायल्यावर रेडकू काय पितं?"

"शंका नंतर," बाई म्हणतात. "आधी डबे उघडा. कुणाकुणाकडे पनीर आहे?"