आधारचं प्रिंट रंगीत की साधं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे फुकटचे अपडेट बंद केले, तेव्हा नागपूरजवळच्या आमच्या बुटीबोरीत काहीच झालं नाही. एमआयडीसीत शिफ्ट सुटली, वर्धा रोडवर ट्रक तुंबले, लाइन गेली, लाइन आली. घोर लागला तो आमच्या ले-आउटमधल्या एका भाऊंना. त्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर सातव्या पिढीचा, आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीखाली उतरायला तयार नाही. सोयरीक जमवतानाही हल्ली कोणी इतक्या पिढ्या मोजत नाही.

भाऊंनी विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं आणि आठवड्याभरात त्यांचे लिनक्सभाऊ झाले. पानठेल्यावर आता विषय एकच. "विंडोज ११ चालू करासाठीच कंपनीचं खातं मागते. अन् आता ते रिकॉल काढलं त्याईनं. दर घडीले स्क्रीनचा फोटो! तुमी काय पाहून राहिले, काय लिहून राहिले, सारं!" भाऊ खोटं बोलत नाहीत. मे २०२४ मध्ये रिकॉलची घोषणा झाली, जगभर बोंब उठली, तेव्हा कुठे कंपनी ‘तुम्ही हो म्हणाल तरच’ यावर आली. हे प्रकरण नव्या, महागड्या लॅपटॉपांवरच चालतं, भाऊंच्या दारात ते पायसुद्धा ठेवणार नव्हतं, हा भाग वेगळा. तरी खबरदारी म्हणून भाऊंनी कॅमेऱ्यावर वहिनींची टिकली चिकटवली आहे. मोठी, लाल.

आता लिनक्स म्हणजे कडक सोवळं, असंही नाही. २०१२ मध्ये उबंटू या लिनक्सवर आपल्याच कॉम्प्युटरमधली फाइल शोधायला जावं, तर शोधाचे शब्द उबंटूच्या कंपनीच्या सर्व्हरवर जायचे आणि ॲमेझॉनचा माल समोर यायचा. शिव्या घातल्या त्या लिनक्सवाल्यांनीच. २०१६ मध्ये ते आपोआप चालू राहणं थांबलं. आणि भाऊंच्या खिशातला अँड्रॉइड फोन? त्याचा गाभाही लिनक्सच. वर गूगल बसलंय एवढंच. खापरी ते बोरखेडी भाऊ कुठे किती वेळ थांबले, हे त्यांच्यापेक्षा त्या फोनला जास्त ठाऊक, कारण लोकेशन सदा चालू. बंद केलं तर पार्सलवाल्याला घर सापडत नाही म्हणे.

पण बुटीबोरीचा खरा सर्व्हर परदेशात नाहीच. तो आहे झेरॉक्सच्या दुकानात. टेबलावर धूळ खाल्लेला मॉनिटर, त्यावर व्हॉट्सॲप वेब सताड उघडं. डावीकडे नावाविना नुसते नंबर, आणि प्रत्येकाच्या आत एक आधार, एक पॅन, कोणाचा जातीचा दाखला, कोणाच्या घरचा सोनोग्राफीचा रिपोर्ट. ई-आधारला पासवर्ड असतो, हे खरं. नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. नाव तर गिऱ्हाईक आल्या आल्याच सांगतं. राहिलं साल.

"काका, जन्मसाल बोला. जोरात, मशीन चालू आहे!"

"अडुसष्ट!"

"अडुसष्ट म्हणजे," रांगेतून कोणीतरी, "काका यंदा रिटायर होऊन राहिले का?"

"हाव ना बाप्पा."

"मंग पोरीचं कसं केलं?"

प्रिंट बाहेर येईपर्यंत काकांचा पीएफ, पोरीचं स्थळ आणि उजवा गुडघा, तिन्ही विषय निकाली निघालेले असतात. दहा रुपये.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या बंगळूर कार्यालयाच्या एकदा हा धोका लक्षात आला होता. २७ मे २०२२ ला त्यांनी सांगितलं की आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, शेवटचे ४ अंकच दिसतील असं झाकलेलं आधार द्या, सायबर कॅफेत ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर फाइल कायमची पुसा. इतकं शहाणपण एका कागदावर बघून लोक हादरले. २९ मे ला सरकारने सूचनाच मागे घेतली. का, तर गैरसमज होईल. नागरिकांनी आपला नेहमीचा विवेक वापरावा. आमच्या एमआयडीसीत पॉलिएस्टरचा धागा निघतो, विवेकाला अजून प्लॉट मिळालेला नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमुखाने सांगितलं. त्यांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते, म्हणजे निकाल निम्मा घरचाच. नागपूरहून बुटीबोरी तीसेक किलोमीटर. वाटेत कुठेतरी ट्रकामागे अडकला असावा. कारण कारखान्याच्या गेटवर बिहारहून आलेल्या पोराला ठेकेदार अजूनही आधार, पॅन, पासबुकाची झेरॉक्स आणि चार फोटो मागतो. संध्याकाळी खोली देणारा घरमालक तेच मागतो. पोरगं हुशार असलं तर सकाळीच दोन सेट काढून ठेवतं.

तर मागच्या महिन्यात त्या दुकानातला कॉम्प्युटर सारखा हँग व्हायला लागला. लिनक्सभाऊंना कळायचा अवकाश, भाऊ हजर. "अबे, विंडोज १० ठेवून बसला? एखांद्या दिवशी हॅकर घुसन न! लोकाईचे कागद आहेत तुह्यापाशी!" फुकटात मिंट टाकून द्यायचं ठरलं. आधी बॅकअप, हा नियम भाऊंना तोंडपाठ. डाउनलोड्सचं आख्खं फोल्डर, दुकान उघडलं तेव्हापासूनचं, त्यांनी पेनड्राइव्हवर घेतलं, शर्टाच्या खिशात टाकलं, बाजार केला, घरी जाऊन जेवले, झोपले, आणि दुसऱ्या दिवशी सगळं जसंच्या तसं परत चढवलं. एक फाइल इकडची तिकडे नाही. वर नावाप्रमाणे फोल्डरही लावून दिले, शोधायला सोपं जावं म्हणून. मशीन आता पळतंय नुसतं.

परवा मला आधारचं प्रिंट हवं होतं. दुकानात जाऊन फोन काढला आणि फाइल कोणत्या नंबरवर टाकू म्हणून विचारलं.

"पाठवाचं काम नाही साहेब," दुकानदार स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "तुमचं आहे न माह्यापाशी. वहिनीचंबी आहे. रंगीत काढू का साधं?"