अनधिकृत अक्षर

इमारत पाडायला एक अर्ज पुरतो. जपायची म्हटलं तर अठरा लागतात आणि त्यातला सतरावा नेहमी दुसऱ्या टेबलावर असतो. मी उभी हयात एका महापालिकेत वारसा-वास्तूंच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात घालवली. (महापालिकेचं नाव सांगत नाही. पेन्शन चालू आहे.) त्यामुळे समलिंगी हक्कांसाठी जिथे लढे झाले त्या जागा न्यूयॉर्क शहर वारसा म्हणून जपतं, हे वाचल्यावर हात शिवशिवले. जपतात, चांगलंच आहे. पण कागद पुरे आहेत का? छाननी कोणी केली? कोणी केलेली दिसेना, म्हणून मीच बसलो. विनावेतन.

पहिला प्रस्ताव स्टोनवॉल इन, ५१-५३ ख्रिस्तोफर स्ट्रीट, ग्रीनिच व्हिलेज. मूळ वापर : घोड्यांचे तबेले. १९३० साली दोन तबेल्यांना मिळून एकच दर्शनी भिंत घातली, पुढे तिथे खाणावळ झाली. १९६७ पासून समलिंगी लोकांचा बार. चालक : माफिया. दारूचा परवाना : नाही, ‘खासगी क्लब’ म्हणून वेळ मारून नेलेली. काउंटरमागे नळ नाही, ग्लास टबातल्या पाण्यात बुचकळून पुढच्या गिऱ्हाइकाला. आग लागली तर मागून निसटायला दार नाही. दारूत पाणी, पोलिसांना हप्ता. हे सगळं वाचताना परक्या देशाची फाइल वाचतोय असं मला एकदाही वाटलं नाही.

‘स्थापत्यमूल्य’ या रकान्यात मी ‘निरंक’ लिहिणार, तेवढ्यात एक तारीख नजरेला पडली. ग्रीनिच व्हिलेजचा परिसर न्यूयॉर्कने जतन-क्षेत्र म्हणून जाहीर केला तो २९ एप्रिल १९६९ रोजी. स्टोनवॉलवर पोलिसांची धाड पडली आणि लोक उलटले, ते २८ जून १९६९ च्या पहाटे. म्हणजे दंगलीच्या रात्री ती भिंत सरकारी संरक्षणाखाली येऊन दोन महिने उलटले होते. तिथल्या विटेला हात लावायचा तर शहराच्या वारसा-जतन आयोगाची परवानगी लागत होती. आतल्या माणसांना हात लावायला कुणाचीच लागत नव्हती. अंगावरचे कपडे ओळखपत्रावरच्या लिंगाशी जुळत नाहीत, एवढंही अटकेला पुरे होतं.

त्या रात्री मात्र लोक घरी गेले नाहीत. त्यांनी चिल्लर फेकली, बाटल्या फेकल्या. धाड घालायला आलेले पोलीस मागे सरत सरत बारमध्ये शिरले आणि आतून दार लावून बसले. बाहेरच्यांनी रस्त्यावरचा पार्किंग मीटर उपटला आणि त्याच्या धडका दारावर दिल्या. (सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान. वसुली झाल्याची नोंद फाइलीत नाही.) ‘वास्तूत मान्यवरांचा मुक्काम झाला आहे काय?’ असा एक प्रश्न आमच्या नमुन्यात असायचा. पोलिसांनी जीव मुठीत धरून काढलेला तो वेळ मी तिथे भरला आहे. लोकमान्य एका रात्री वस्तीला होते म्हणून वाडे जपले जातात, मग हे का नको?

दंगलीनंतर काही महिन्यांतच बार बंद पडला. पुढे त्या गाळ्यांत बेगल विकले गेले, चिनी जेवण विकलं गेलं, पादत्राणं विकली गेली. सरकार कुठे होतं? सरकार विचार करत होतं. राष्ट्रीय नोंदवहीत नाव चढलं १९९९ साली. शहराने स्वतंत्र वारसा-वास्तू म्हणून मान्यता दिली २०१५ साली. जून २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी बार, समोरची बाग आणि आजूबाजूचे रस्ते धरून साडेसात एकरांहून थोडी जास्त जागा राष्ट्रीय स्मारक केली. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या पोलीस आयुक्तांनी त्या रात्रीबद्दल माफी मागितली, म्हणजे पन्नास वर्षांनी. लोक याला दिरंगाई म्हणतात. मी एकाच जिन्याच्या कठड्याबद्दलचा पत्रव्यवहार दोन पिढ्या चाललेला पाहिला आहे, मला ही घाईच वाटली.

समोरच्या बागेत जॉर्ज सीगल या शिल्पकाराच्या चार पांढऱ्याफटक मूर्ती आहेत, दोन पुरुष उभे, दोन बायका बाकावर. १९८० साली तयार झालेलं हे शिल्प त्या बागेत पोचलं १९९२ साली. दोन पुरुषांना आणि दोन बायकांना नुसतं शेजारी शेजारी राहू द्यायला शहराला बारा वर्षं लागली. त्याच बागेत सेनापती शेरिडन यांचाही पुतळा आहे. शेरिडन चौक शेजारी आहे, पुतळा त्या चौकात नाही, ख्रिस्तोफर पार्कमध्ये आहे. जगातल्या सगळ्या महापालिका एकाच आईची लेकरं असल्याचा हा सज्जड पुरावा.

दुसरा प्रस्ताव ज्यूलियस या बारचा. हा मला फार आवडला, कारण त्यात सगळा खटाटोप एका नकारासाठी आहे. समलिंगी गिऱ्हाइकं जमली की जागा ‘बेशिस्त’ ठरते, या सबबीखाली तेव्हा बारवर कारवाई व्हायची. मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेच्या तिघांनी, डिक लीच, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स यांनी, ठरवलं की सूट-टाय घालून, वार्ताहर सोबत घेऊन बारमध्ये जायचं, ‘आम्ही समलिंगी आहोत, आम्हाला दारू द्या’ म्हणायचं आणि नकार मिळाला की तक्रार ठोकायची. तारीख २१ एप्रिल १९६६. पहिलं ठिकाण बंद. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजरला हसू आलं आणि दारू मिळाली. तिसऱ्या ठिकाणीही मिळाली. अन्यायाविरुद्ध लढायला निघालेल्यांना अन्याय करणारा मिळेना! शेवटी ते ज्यूलियसमध्ये गेले. तिथे थोड्याच दिवसांपूर्वी पोलीस येऊन गेले होते, त्यामुळे बारवाल्याने ग्लासवर तळहात ठेवला आणि छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. आपल्याकडे नकार लेखी मिळवायला माणूस चार खिडक्या फिरतो, हे तिघे तीन बार पालथे घालून चौथ्यात पोचले. डिसेंबर २०२२ मध्ये शहराने ज्यूलियसला वारसा-वास्तू केलं. नाही म्हटल्याबद्दल सरकारी संरक्षण मिळालेली दुसरी वास्तू माझ्या माहितीत नाही.

२०१९ मध्ये सहा जागा एकदम मंजूर झाल्या. लेखक जेम्स बाल्डविन यांचं घर, कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचं घर, एक जुनी शाळा, एक बंद पडलेलं कॅफे-थिएटर वगैरे. सहापैकी एकच फाइल मी उघडी ठेवली आहे, वूस्टर स्ट्रीटवरच्या जुन्या अग्निशमन केंद्राची. गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्सने १९७१ पासून तिथे सभा घेतल्या, मोर्चे आखले, शनिवारी रात्री नाच केले. १९७४ साली कोणीतरी ते पेटवून दिलं. बंबांच्या घरालाच आग! आता त्या सोहो भागात महागड्या कपड्यांची दुकानं आहेत आणि वारसा बघायला आलेला माणूस पिशवी घेऊन परत जातो.

प्रत्येकच फाइल मंजूर होत नाही. सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाचं बघा. एड्सची साथ ऐन भरात असताना इतर ठिकाणी ज्यांच्या खोलीत जेवणाचं ताट न्यायलाही कर्मचारी कचरत, ते रुग्ण इथे भरती व्हायचे. २०१० मध्ये रुग्णालय बंद झालं आणि त्या जागी अतिश्रीमंतांचे फ्लॅट आले. मेलेल्यांच्या आठवणीसाठी समोरचा त्रिकोणी तुकडा मिळाला, २०१६ मध्ये तिथे स्मारक झालं. सौदा म्हणून पाहिलं तर कोणालाच तोटा नाही. गिरणीची जमीन मॉलला देऊन चिमणी तेवढी जपायची कला आपल्याला येते, त्यामुळे हा हिशोब मला समजावून सांगावा लागला नाही.

आता त्रुटींकडे वळतो. वारसा म्हटला की आमचं खातं तीन गोष्टी मागतं : नाव, पत्ता, तारीख. आणि या लोकांनी जन्मभर नेमक्या याच तीन गोष्टी लपवल्या! नाव कळलं तर नोकरी गेली, पत्ता कळला तर धाड पडली. सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण घ्या. तिथल्या कॉम्प्टन कॅफेटेरियात ऑगस्ट १९६६ मध्ये, म्हणजे स्टोनवॉलच्या तीन वर्षं आधी, एका ट्रान्स बाईने अंगावर हात टाकणाऱ्या पोलिसाच्या तोंडावर गरम कॉफी फेकली आणि दंगल पेटली. ऑगस्टातली तारीख कोणती? माहीत नाही. वर्तमानपत्रांनी छापलं नाही. तारीख नसलेला अर्ज मी तरी स्वीकारला नसता, पण अमेरिकनांनी २०२५ मध्ये त्या जागेची राष्ट्रीय नोंद केली. त्या इमारतीत कित्येक वर्षं खासगी तुरुंग चालवणाऱ्या कंपनीचं, सुटण्याच्या बेतात असलेल्या कैद्यांसाठीचं, वसतिगृह आहे. पोलिसांना पळवल्याबद्दल प्रसिद्ध असलेली जागा, आणि भाडेकरू तुरुंगवाला! ‘वापरातील बदल’ या सदरात मंजुरी द्यायला माझी हरकत नाही.

या सगळ्यात तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असं काम मला एकच आढळलं. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने स्टोनवॉल स्मारकाच्या संकेतस्थळावरून ‘ट्रान्सजेंडर’ हा शब्द काढून टाकला. एलजीबीटीक्यू मधला टी गेला, क्यू गेला, पुढचं अधिक चिन्ह गेलं. उरलं एलजीबी. मार्शा पी. जॉन्सन त्या दंगलीत होती, सिल्विया रिव्हेराला बरोबर घेऊन तिने पुढे १९७० साली रस्त्यावरच्या बेघर ट्रान्स पोरांसाठी संघटना काढली, हे सगळं ज्या स्मारकाने सांगायचं, त्याच स्मारकाने.

कामाची सफाई पाहा. वारसा-वास्तूची एक खिडकी बदलायची तर नकाशे लागतात, जुने फोटो लागतात, मूळ लाकडाचा तुकडा लागतो. आमच्याकडे वडापावची गाडी हटवायची तरी निदान नोटीस चिकटवतात. इथे नोटीस नाही, सुनावणी नाही, जेसीबी नाही, बंदोबस्त नाही. वीट जागच्या जागी, दार जागच्या जागी, सगळी एकरं जागच्या जागी, फक्त दारावर धडका देणाऱ्यांपैकी काही जण अनधिकृत. दुसऱ्याच दिवशी लोक ख्रिस्तोफर पार्कमध्ये निषेधाला जमले आणि हाताने टी लिहिलेले फलक घेऊन उभे राहिले. राष्ट्रीय स्मारकात विनापरवाना अक्षर उभारणी! अशा अतिक्रमणाला कुठलं कलम लागतं, ते मी शोधतो आहे.

आमच्या मुंबईने या बाबतीत दूरदृष्टी दाखवली. पुढे खोडायला लागू नये म्हणून मुळात काही लिहिलंच नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं, म्हणजे पत्ता सांगणं हा पुरावा देण्याचाच प्रकार. तरीही काही प्रस्ताव मी स्वतः तयार करून ठेवले आहेत.

कुलाब्यातला वूडू पब, जिथे शनिवारी रात्री समलिंगी मंडळी जमत. हा मंजूर होईल, कारण त्या जागी आधी स्लिप डिस्क नावाचा डिस्को होता आणि १९७२ साली लेड झेपलिन या रॉक बँडचे दोघे तिथे येऊन वाजवून गेले होते. त्या एका रात्रीची पाटी लागेल. इतक्या शनिवारांची कशी लावणार? पाटीवर जागा किती असते! गोरेगावचं सिनेमागृह, जिथे २ डिसेंबर १९९८ रोजी शिवसैनिकांनी दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटाच्या विरोधात काचा फोडल्या. अडचण अशी की काचा नव्या बसवल्या, मूळ साहित्य उपलब्ध नाही. ऑगस्ट क्रांती मैदान, जिथून १६ ऑगस्ट २००८ रोजी क्विअर आझादी मोर्चा निघाला. पण मैदानाला १९४२ चा वारसा आधीच आहे आणि एका जागेला दोन क्रांत्या लावायची तरतूद नियमावलीत नाही. वाकोल्याची जुनी महापालिका इमारत, जिथे अशोक राव कवी यांच्या हमसफर ट्रस्टचं केंद्र नव्वदच्या दशकात सुरू झालं. इथे मालक खुद्द महापालिका, त्यामुळे अर्जदार आणि मंजुरी देणारा एकच. असली फाइल कोणी उघडत नाही, हात पोळतात.

सगळ्यात जुनी, सगळ्यात जास्त वापरातली आणि एकाही विटेची नसलेली जागा म्हणजे लोकलचा ठराविक डबा. घरी सांगता येत नाही, चाळीत खोली नाही, हॉटेलात जायला पैसे नाहीत, अशा कित्येकांनी या शहरात एकमेकांना ओळखलं ते सेकंड क्लासच्या गर्दीत. त्याचाही प्रस्ताव मी केला आहे आणि मंजुरीच्या वाटेवर स्थळपाहणीचा अहवाल काय येईल, तोही खात्याच्या भाषेत लिहून सोबत जोडला आहे, म्हणजे पुढच्या कारकुनाचे श्रम वाचतील :

‘समक्ष पाहणीस गेलो असता सदर वास्तू जागेवर आढळून आली नाही. फलाटावर चौकशी करता ती बोरिवलीस गेल्याचे समजले. परतीच्या फेरीपर्यंत थांबलो. आलेली वास्तू तीच होती काय, याबाबत खात्री देता येत नाही. गर्दीमुळे आत प्रवेश करता आला नाही. दारातील इसमांनी “आगे बढो” असे सांगितले. सबब, वास्तूच्या चतुःसीमा, मालमत्ता पत्रकाचा उतारा व मूळ प्रवाशांची ना हरकत पत्रे नाव-पत्त्यासह जोडून प्रस्ताव फेरसादर करावा.’