लिंबाचा शर्ट

माझ्या शर्टावर ४२ लिंबं आहेत. मोजली. पुढे २२, पाठीवर १६ आणि दोन्ही बाह्यांवर दोन-दोन. शर्ट १,४०० रुपयांचा, म्हणजे एक लिंबू ३३ रुपये ३३ पैशांना पडलं. आमच्या मंडईत भर उन्हाळ्यातसुद्धा हा भाव ऐकला तर गिऱ्हाईक भाजीवालीशी भांडेल. आणि भाजीवालीच्या लिंबातून निदान रस निघतो. हा शर्ट पिळला की घाम निघतो. कापडाच्या चिठ्ठीवर ‘कॉटन फील’ लिहिलंय. कॉटन फील म्हणजे कापूस कधीतरी जवळून गेला होता.

हौसेनं घेतलेला नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी ‘समर फ्रूट फिएस्टा’ होता. गेल्या वर्षापर्यंत याच कार्यक्रमाला आमरसाचं जेवण म्हणायचे. पुऱ्या, रस, बटाट्याची भाजी, कुरडया, आणि नंतर घरी जाऊन आडवं व्हायचं. यंदा नवीन कमिटी आली आणि ग्रुपवर फतवा निघाला. ड्रेस कोड : फळ.

“अहो, सगळे घालणारेत,” बायको म्हणाली. “तुम्ही एकटेच त्या चौकड्याच्या शर्टात गेलात, तर लोक विचारतील, हे कुठलं फळ?”

तिनं स्वतःसाठी कलिंगडाच्या फोडींची कानातली मागवली होती. बियांसकट. घरात कलिंगड आणलं की ‘केवढी जागा खातं फ्रिजमध्ये’ म्हणणारी हीच.

गच्चीवर पोचलो तर फळबाजार भरलेला. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर अननसांच्या बर्म्युडात. सेक्रेटरींच्या कुर्त्यावर चेरी, ज्या त्यांनी आयुष्यात फक्त केकवर पाहिल्यात. कॉलेजच्या मुली स्ट्रॉबेरीत. केळी होती, संत्री होती, किवी होती. फणस मात्र कुणीच नेसलं नव्हतं. चिकू नाही, पेरू नाही, करवंदाला तर दारातही उभं केलं नव्हतं. फॅशनमध्ये फळांचाही पंक्तिभेद असतो. फिरंगी फळांना पाट-रांगोळी आणि गावठी फळं मागच्या दारी. चिकूच्या रंगाचा शर्ट घालून गेलो असतो तर चार जणांनी विचारलं असतं, मळलाय का हो?

तशी फळं अंगावर घ्यायची हौस जुनी आहे. पॅरिसमध्ये १९२६ साली जोसेफिन बेकर केळ्यांचा घागरा घालून नाचली आणि जगप्रसिद्ध झाली. केळी खोटी होती, नाच खरा होता. १९४३ साली कार्मेन मिरांडा हॉलिवुडच्या सिनेमात डोक्यावर फळांची अख्खी टोपली घेऊन गायली. इटलीतल्या डोल्चे अँड गबानानं सिसिलीची लिंबं झग्यांवर चढवली. सिसिलीत लिंबं पिकतात, त्यामुळे त्यांचं समजू शकतो. ती लिंबं कॉपी होत होत आमच्या लक्ष्मी रोडला कधी उतरली आणि माझ्या पोटावर कधी येऊन बसली, हे मात्र कळलं नाही.

आपण फळ ल्यायला यांच्याकडून शिकायची गरज नव्हती. पैठणीवर कोयरी आहे, मेंदीत कोयरी आहे, हळदीकुंकवाची ती बाकदार डबी, तिचं तर नावच कोयरी. हाच आकार काश्मिरी शालींवरून युरोपात गेला. स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात त्याच्या नकला विणून जगभर विकल्या आणि जग त्या नक्षीला पेस्लीच म्हणायला लागलं. आता काश्मिरात आंबा पिकत नाही, म्हणून काही विद्वान म्हणतात की ती मुळात कैरी नाहीच, सुरूच्या झाडाचा वाकलेला शेंडा आहे. असेल. विद्वानांना कैरीतही सुरू दिसतो, आम्हाला सुरूतही कैरी दिसते आणि तोंडाला पाणी सुटतं. गच्चीवर शेजाऱ्यांच्या मुलीच्या ओढणीवर ती नक्षी होती. मी कौतुकानं म्हटलं, “वा, कोयरी!” ती म्हणाली, “नाही काका, पेस्ली.” कैरी स्कॉटलंडला जाऊन आली की तिला मराठी समजेनासं होतं.

मग मिष्टान्नांचं टेबल. मँगो चीजकेक नावाच्या पांढऱ्या विटेवर आंब्याचा थर होता, जखमेवर मलम लावावं तेवढा. शेजारी कलिंगडाचा पिझ्झा. म्हणजे कलिंगडाची गोल चकती, तिचे त्रिकोणी तुकडे, वर चीज आणि पुदिना. कलिंगडाचे त्रिकोणी तुकडे एसटी स्टँडवरचा गाडीवाला कैक वर्षं विकतोय, पण त्याला नाव ठेवता आलं नाही म्हणून तो अजून स्टँडवरच आहे. पिझ्झ्यापलीकडे आइस्क्रीम, आणि त्यावर पेरलेली टुटीफ्रुटी. इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘सगळी फळं’. आपल्याकडची टुटीफ्रुटी म्हणजे पाकात शिजवून लाल, हिरवी, पिवळी रंगवलेली कच्ची पपई. सगळी फळं म्हणून एकच फळ, तेही न पिकलेलं! एवढी मोठी थाप लहानपणापासून आपल्या आइस्क्रीमवर बसलेली आहे आणि कुणी एक शब्द बोललेला नाही.

मँगो मस्तानीही होती. तिच्याविषयी मी काहीही वाकडं लिहिणार नाही. पुण्यात राहतो. मस्तानी पितात की खातात हा प्रश्न इथे अजून सुटलेला नाही, आणि ग्लासात तोंडापर्यंत आइस्क्रीम असताना कुणी तो सोडवायलाही बसत नाही.

खरा मजकूर पेयांच्या टेबलावर होता. पेयं काचेच्या बरण्यांत दिलेली, वर वेटोळी नळी. लोणचं प्लास्टिकच्या पाकिटात गेलं, तेव्हा रिकाम्या झालेल्या बरण्यांचं पुढे काय झालं याचं उत्तर मला तिथे मिळालं. पहिल्या बरणीवर पाटी होती, ‘रॉ मँगो कूलर, वेलचीच्या हलक्या स्पर्शासह’. चव घेतली. पन्हं. आई कैऱ्या उकडायची, गर पिळून त्यात गूळ कालवायची आणि वेलचीला स्पर्शबिर्श न करता सरळ कुटून घालायची. दुसऱ्या बरणीत ‘कोकम मोहितो’. सोडा होता, बर्फ होता, पुदिन्याचं अख्खं रान होतं, लिंबाची चकती होती. कोकमाचा पत्ता लागला नाही.

इथे थोडं थांबतो, कारण हा विषय माझ्या आजोळचा आहे. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले की मामी ते मधोमध चिरायची, बिया आणि गर बाजूला काढायची. राहिलेल्या लालभडक वाट्यांत साखर दाबून भरायची आणि त्या बरणीत एकावर एक रचून, तोंडाला फडकं बांधून, बरणी अंगणात उन्हात. बाकी काही नाही. पाणीही नाही. दोन-चार दिवसांत साखर आपोआप विरघळायला लागायची आणि बरणीच्या तळाशी गडद लाल पाक जमायचा. तेच अमृत कोकम. आम्ही पोरं दिवसातून सहा वेळा बरणीजवळ जाऊन पाक किती चढला ते बघायचो, आणि बघताना बोट बुडायचंच. कोकमाला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या नावानं २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मोहितो करणाऱ्या पोरानं मात्र मला विचारलं, “काका, हे बेरीज फॅमिलीतलं आहे ना?”

डब्यातल्या, खोक्यातल्या पेयांबद्दल बोलायलाच नको. आपल्या अन्न नियमांप्रमाणे ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवून घ्यायला फळाचा रस किमान १० टक्के असला की भागतं. लिंबाला तर ५ टक्केही पुरतात. खोक्यावर मात्र आंबा शंभर टक्के, तोही कापलेला, रस ओघळणारा. दहा टक्के मार्कांवर पोराला शाळा पास करत नाही, पण पेयाला नियम करतात. मी त्या टेबलाजवळ उभा राहून माझ्या शर्टाकडे पाहिलं. ५ टक्के.

एवढ्यात नुकतेच गोव्याहून परतलेले एक सद्गृहस्थ मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. त्यांच्या पिशवीत बिनलेबलाची बाटली होती. हुर्राक. काजूच्या बोंडूंचा रस काढून, आंबवून, पहिल्या धारेला जे मिळतं ते. फेणी पुढच्या वेळेस. हुर्राक फक्त उन्हाळ्याचं, त्यात लिंबूवाला सोडा आणि उभी चिरलेली हिरवी मिरची. त्या अख्ख्या गच्चीवर सर्वांत जास्त फळ कशात असेल, तर त्या बाटलीत होतं. मी फक्त वास घेतला असं इथे लिहितो, कारण हे सदर घरीही वाचलं जातं.

आता आंबा. होता की! टेबलाच्या मधोमध, पेंढ्यावर, हापूसची पेटी तिरकी ठेवून, वर पिवळे दिवे सोडलेले. आणि पाटी : ‘कृपया डेकोरला हात लावू नये.’ हापूसला २०१८ साली मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, या पाच जिल्ह्यांतलाच तो हापूस. बाजारात पेटीवर देवगड आणि आत कर्नाटक असा संसार सर्रास चालतो, त्यामुळे ही पेटी कुठली हे विचारलं तर कमिटीच्या बाईंनी सांगितलं, “कलर छान येतोय ना फोटोत?” मुद्दा बरोबर होता. फोटोत सगळे आंबे देवगडचे असतात.

लोक एकेक करून पेटीजवळ जात, आंबा गालाला लावून फोटो काढत आणि परत जागेवर ठेवत. फळ गालाला लावायची सवय पार्लरनं लावलेली आहे. पपई चेहऱ्यावर, काकडी डोळ्यांवर, संत्र्याची साल नाकावर. बाईला दही-मीठ लावलं की कोशिंबीर तयार. पण तिथेही तोंडात काही जात नाही, तोंड बंद ठेवायला सांगतात.

फळ अंगावर वागवायची आमचीही एक पद्धत होती. डाग. मे महिन्यात आजोळी पोशाख एकच, चड्डी. आंब्याच्या जेवणाआधी सदरा काढून खुंटीला लावायचा हा नियम होता, कारण आंब्याचा डाग धुऊन फिका होतो, जात नाही. जांभळं खाल्ली की एकमेकांना जिभा दाखवायच्या, ज्याची जास्त जांभळी तो राजा. करवंदांच्या चिकानं ओठ चिकटायचे. फणस फोडायला बसायचं तर हाताला आधी खोबरेल. काजूच्या बोंडूचा डाग मात्र कपड्याचा जन्म संपेपर्यंत सोबतीला. संध्याकाळी मामी आम्हाला ओळीनं उभं करायची आणि डाग वाचायची. “तू देवळामागच्या जांभळीवर होतास. तू कातळावर, करवंदांना. आणि तू रे, बोंडू कुणाचे खाल्लेस?” वकील ठेवून उपयोग नव्हता, पुरावा पोटावर असायचा.

हे सगळं मला त्या रात्री आठवायचं कारण दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणकडच्या काकू. त्या ड्रेस कोड न पाळता साध्या हिरव्या लुगड्यात आल्या होत्या आणि हातात कापडी पिशवी. गावाहून आलेले रायवळ आंबे कमिटीला द्यायला. कमिटीनं पिशवीत डोकावून पाहिलं. एक लांबट, एक गोल, एक हिरवट, एकावर काळे ठिपके. कुठल्याही दोहोंचा आकार सारखा नाही. “काकू, हे डेकोरला नाही जाणार हो,” असं गोड बोलून पिशवी परत.

काकूंनी पेटीकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. “काय गो, आंबो काय फोटोक ठेवलास? उद्या कुजतलो तो.” आणि त्या सरळ टाकीमागे आल्या, जिथे आम्ही दोघं वास घेत होतो. खाली पालथ्या बादलीवर बसल्या. पिशवीतून एक रायवळ काढून माझ्या हातात दिला.

रायवळ कापायचा नसतो. दोन तळव्यांत धरून हळूहळू घोळायचा, आतला गर सैल झालेला बोटांना कळतो. मग डेख काढायचं, पहिला थेंब पिळून टाकून द्यायचा, चिकाचा असतो तो. आणि मग चोखायचं. हे करताना पुढे वाकायचं असतं, हे चाळीस वर्षांत मी विसरलो होतो. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला, तिथून हनुवटीवरचा दुसरा ओघळ थेट खाली. दोर असतात रायवळाला, ते दातांत अडकले. कोय पांढरी होईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही. मान वर केली तर अननसवाले बँक मॅनेजर, चेरीवाले सेक्रेटरी आणि पेस्लीवाली मुलगी रांगेत उभी होती. पिशवी दहा मिनिटांत संपली. पेटीचे फोटो तोवर फेसबुकवर गेले होते.

शर्ट घरी दोनदा धुतला. सोमवारी इस्त्रीवाल्याकडे दिला. त्यानं तो उजेडात धरला, खिशाखालच्या पिवळ्या गोलावर बोट ठेवलं आणि विचारलं, “साहेब, हे छापलेलं आहे की लागलेलं?”

“त्रेचाळिसावं आहे,” मी म्हटलं. “त्यावरून जपून फिरव.”