कलम ८० सी साहेबांच्या सेवापूर्तीनिमित्त

प्रति,
मा. कलम ८० सी साहेब,
आयकर अधिनियम १९६१ (आता माजी),
नवी दिल्ली.

विषय : सेवापूर्ती सोहळा व पेन्शनचे प्रलंबित प्रकरण.

सा. न. वि. वि.

३१ मार्च २०२६ रोजी साहेब सेवानिवृत्त झाले. वय झाले म्हणून नव्हे, सगळा अधिनियमच मोडीत निघाला म्हणून. १ एप्रिलला आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि साहेबांच्या खुर्चीत कलम १२३ येऊन बसले. नंदुरबार जिल्ह्यातल्या समस्त पगारदारांच्या वतीने साहेबांचा सत्कार करण्याचे घाटते आहे. शाल, श्रीफळ आणि वीस वर्षांच्या विमा हप्त्यांच्या पावत्यांची एक फाइल, असा मानाचा ऐवज तयार आहे.

पण आधी साहेबांच्या पेन्शनचे बघायला हवे, कारण प्रकरण वाटते तितके सरळ नाही. साहेबांची घोषणा पी. चिदंबरम यांच्या फेब्रुवारी २००५च्या अर्थसंकल्पातली. प्रत्यक्ष रुजू झाले १ एप्रिल २००६ला. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ ही तारीख मास्तरांच्या घरातल्या लहान पोरालाही पाठ असते. त्या दिवशी किंवा नंतर जो नोकरीला लागला त्याची जुनी पेन्शन गेली. त्याच्या वाट्याला अंशदानाची डीसीपीएस योजना आली आणि पुढे एनपीएस. म्हणजे साहेब पाच महिन्यांनी हुकले. मात्र राज्य शासनाचा २ फेब्रुवारी २०२४चा निर्णय साहेबांनी नजरेखालून घालावा. पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५पूर्वीची आणि नेमणूक नंतरची असेल, तर जुन्या पेन्शनचा विकल्प देता येतो. फेब्रुवारी २००५चे अर्थसंकल्पी भाषण हीच जाहिरात, असे अर्जात लिहावे. विकल्पाची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली आहे, पण मुदत उलटलेले अर्ज स्वीकारावेत असेही अर्ज आपल्याकडे जातातच.

आता साहेबांच्या कारकिर्दीविषयी. फेब्रुवारी उजाडला की जिल्हा परिषदेच्या शाळांत पाढ्यांऐवजी साहेबांचे नामस्मरण चाले. धडगावकडच्या एखाद्या केंद्रशाळेत शिक्षण परिषद उरकायची, चहाचे कप बाजूला सारले जायचे आणि टेबलावर एक्सेलच्या तक्त्याची झेरॉक्स पसरायची.

“गुरुजी, दीड लाख भरले का?”

“वीस हजार कमी पडताहेत.”

वीस हजार कमी पडले, की मोटारसायकल दारात उभीच. एजंट बहुधा कोणाचा तरी साडू किंवा शेजारच्या शाळेतल्या बाईंचे मिस्टर. एका फेब्रुवारीचा कर वाचवण्यासाठी वीस वर्षांचा हप्ता गळ्यात पडायचा आणि पॉलिसी कपाटात, साड्यांच्या खाली जायची. म्हातारपणी किती मिळणार, हा प्रश्न तिथे क्वचितच निघे. ‘पावती कधी मिळेल?’ हा मात्र हमखास.

साहेबांची झोळी मोठी होती हे मान्य. प्रॉव्हिडंट फंड, विमा, पीपीएफ, पोस्टाची सर्टिफिकेटे, घरकर्जाची मुद्दल, दोन लेकरांची शाळेची फी, नंतर सुकन्या समृद्धीसुद्धा. झोळीचे तोंड मात्र अरुण जेटली यांनी २०१४मध्ये एक लाखाचे दीड लाख केले, त्यानंतर एका बोटानेही रुंदावले नाही. खुर्ची सोडताना साहेब तीच मर्यादा कलम १२३ यांच्या हवाली करून गेले.

खरा घात २०२० साली झाला, नवी करप्रणाली आली तेव्हा. तिच्यात साहेबांना प्रवेशच नव्हता. २०२३-२४पासून तीच मूळ धरली गेली. जुनी हवी तर तसे सांगावे लागते. साहेबांची पत कुठवर घसरली, ते एका हिशेबात दिसेल. तळोद्याच्या एखाद्या शिक्षकाचा वर्षाचा पगार ११ लाख धरू. २०२५-२६ला नव्या रीतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन १०,२५,००० उरतात. १२ लाखांच्या आत आहेत, म्हणून कर शून्य. जुन्या रीतीत ५०,००० प्रमाणित वजावट, २,५०० व्यवसाय कर आणि साहेबांचे पूर्ण दीड लाख वजा केले, तरी उपकरासह ९५,६८० रुपये भरावे लागतात. जुन्या रीतीत घरकर्जाचे व्याज आणि इतर वजावटी मिळवून काहींचे जमते, पण या पगाराला ते कष्टाने. दीड लाख गुंतवा आणि वर पाऊण लाखाहून जास्त कर भरा, असा सल्ला साहेबांनी जाहीर व्यासपीठावरून दिला, तर सत्काराला माणसे मिळणे अवघड होईल.

साहेबांचे एक समवयस्क अमेरिकेत आहेत. तिथे नोकरदाराच्या ‘४०१ (के)’ खात्यात पगारातून पैसे टाकताना तीन कप्पे असू शकतात. पहिल्यात आज कर नाही, म्हातारपणी काढताना भरायचा. दुसरा डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाचा : आज कर भरून टाका, पुढे नियम पाळून काढलेल्या रकमेवर मुद्दल-वाढ काहीच करपात्र नाही. १९९७च्या कायद्याने तो वैयक्तिक खात्यात आला आणि नोकरीच्या ठिकाणी १ जानेवारी २००६पासून, म्हणजे साहेबांच्या तीन महिने आधी रुजू. तिसऱ्यात करही आज आणि काढताना वाढीवर पुन्हा. एडिसनमध्ये स्थायिक झालेली मराठी जोडपी दर वर्षाअखेर यावर डोके खाजवतात.

नंदुरबारच्या मिरची बाजारात हा पेच कोणालाही समजेल. लाल मिरची ओली असतानाच तोलून मोकळे व्हायचे, की पथारीवर सुकवून पुढच्या भावाची वाट बघायची? पुढचा भाव ठाऊक नसतो आणि मध्येच अवकाळी आला तर पथारीवरचा माल काळा पडतो. कराच्या बाबतीत अवकाळीचे काम अर्थसंकल्प करतो. दर तोच राहिला तर दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला जातात. लाखावर आज २० टक्के कर देऊन उरलेले ८०,००० तिप्पट झाले तरी २,४०,०००. अख्खा लाख तिप्पट करून शेवटी २० टक्के दिले तरी २,४०,०००च. शेवटी दर ५ टक्के निघाला तर मात्र २,८५,००० हाती येतात. आज जास्त कर आणि उद्या कमी, अशी खात्री असेल त्याने थांबावे. उलट असेल त्याने आजच उरकावे.

तळोद्याच्या आपल्या गुरुजींना यातले काही निवडायचेच उरलेले नाही. आज कर शून्य. पीपीएफमध्ये टाकले तर वजावटीचा प्रश्न नाही आणि काढतानाही कर नाही. व्याज एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के. न मागता त्यांना रॉथसाहेबांचा कप्पा फुकटात मिळाला. तरीही गेल्या फेब्रुवारीत कोणीतरी पॉलिसी घेतलीच असेल, कारण सवय कायद्याबरोबर रद्द होत नाही.

जाता जाता एक तक्रार, साहेबांच्या शेजारच्या कलमाविषयी. कलम १० (२६)नुसार मिझोराम-नागालँडमधल्या आदिवासी शिक्षकाला तिथल्या उत्पन्नावर आयकर नव्हता. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा शिक्षकाला मात्र होता. डोंगर दोन्हीकडे होतेच.

गुरुजींची खरी निवड कराची नाही, पेन्शनची आहे. त्यासाठीच १४ मार्च २०२३ला राज्यभर कर्मचारी संपावर गेले; ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’च्या घोषणा जिल्ह्या-जिल्ह्यांत घुमल्या आणि २० मार्चला संप मिटला. पुढे राज्याने सुधारित योजना आणली. केंद्राच्या एकीकृत पेन्शनला राज्य मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ला मान्यता दिली, केंद्राच्या मंजुरीच्या दुसऱ्याच दिवशी. एनपीएसमध्ये साठलेल्यातले ६० टक्के करमुक्त हातात येतात, ४० टक्क्यांची वर्षासन पॉलिसी घ्यावी लागते आणि बाजार पडला तर पेन्शन पडते. एकीकृत योजनेत २५ वर्षे भरली तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराचा निम्मा मिळतो, वर महागाईची भर. दहा वर्षे भरली तर किमान १०,००० रुपये. पण महाराष्ट्रात बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी घरी जातात. भरती रखडल्याने ३५व्या वर्षी रुजू झालेल्याची २५ वर्षे भरणारच नाहीत. साहेबांचीही वीसच भरली, म्हणजे निम्म्याऐवजी ४० टक्के. जुन्या पेन्शनचा अर्ज नामंजूर झाला तर हे तयार ठेवावे.

सोहळ्याची तारीख जुलैनंतरची धरली आहे. २०२५-२६ची विवरणपत्रे जुन्याच अधिनियमाखाली भरायची असल्याने साहेबांना तोवर कंत्राटी पद्धतीवर यावे लागेल.

कळावे,
आपले नम्र,
नंदुरबार जिल्ह्यातील पगारदार
(नव्या प्रणालीतले)

ता. क. – कलम १२३ यांनी पदभार घेतल्याचे समजताच दोन एजंट त्यांना भेटून गेल्याचे कळते.