लहान घर विकून मोठे घर घेणाऱ्यांसाठी सूचना (एकलहरे व पंचक्रोशी)

सदर मार्गदर्शन एकलहरे, सामनगाव, हिंगणवेढे या बाजूला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या मिळकतीचे मालक असलेल्या कुटुंबांसाठी आहे. पात्रतेची अट एकच. मुलगी दहावीला गेलेली असावी, धाकट्याचे अंथरूण ओट्यापाशी पडत असावे आणि पाहुणा मुक्कामाला आला की घरधन्याने ‘आज नाईट शिफ्ट आहे’ असे खोटे सांगून बाहेर निघण्याचा विचार एकदा तरी केलेला असावा. वीज केंद्राच्या कॉलनीत क्वार्टर मिळालेल्यांनी हे वाचू नये. त्यांना निवृत्तीच्या वेळी एकदाच घाम फुटतो, तोही सर्वांना एकत्र.

कामाला लागण्यापूर्वी वाचकाने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. यापुढे आपण दोन माणसे आहोत. सकाळी दहाला घर दाखवणारा एक, आणि दुपारी चारला जेलरोडला घर पाहायला जाणारा दुसरा. या दोघांची गाठ पडू देऊ नये. पडली तर दोन्ही व्यवहार फिसकटतात.

आधी विकणारा माणूस घेऊ. त्याने भाव ठरवताना कोणालाही विचारू नये, कारण शेजारी कमी सांगतो (त्याला घर घ्यायचे असते) आणि मामा जास्त सांगतात (त्यांना घ्यायचे नसते). भाव शासनाच्या रेडी रेकनरमध्ये पाहावा, हळहळावे आणि त्यावर आपल्या मनाला येईल तेवढी रक्कम चढवावी. चढवण्याला कारण लागते. ते गावात तयार आहे. १९७० साली वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. १४० मेगावॉटचे दोन जुने संच पुढे निवृत्त झाले. त्यांच्यानंतर २१० मेगावॉटचे तीन आलेले होतेच, आणि ६६० मेगावॉटचा नवा संच व्हावा ही मागणी कित्येक वर्षे चालू आहे. विकणाऱ्याने या संचाबद्दल फक्त भविष्यकाळ वापरावा. ‘भाऊ, सहाशे साठ येणार. मग एकलहऱ्याचा भाव बघा.’ असे म्हणून चिमणीकडे हात करावा. चिमणी कोणत्याही गच्चीवरून दिसते, त्यामुळे पुरावा दिल्यासारखे वाटते.

गिऱ्हाईक मात्र चिमणीकडे पाहता पाहता खिडकीच्या गजावरून बोट फिरवते. बोट करडे होते. ते बोट तो बायकोला दाखवतो, बायको तुमच्याकडे पाहते. इथे ‘राख’ हा शब्द आपल्या तोंडून जाता कामा नये. ‘धूळ’ म्हणावे, धूळ महाराष्ट्रात सगळीकडे असते. गज ओल्या फडक्याने पुसावेत, पण पाहुणे यायच्या अर्धा तास आधी. आदल्या रात्री पुसलेल्या गजांचा उपयोग नाही. त्या दिवशी गच्चीवर पांढरे कपडे वाळत घालू नयेत. तरी विषय निघालाच तर अभिमानाने सांगावे की हीच राख सिमेंटमध्ये जाते, हिच्याच विटा होतात, आणि आपण शहरात जो फ्लॅट पाहून आलात त्याच्या भिंतीतही ती असू शकते. फरक इतकाच की तिथे ती चौरस फुटाच्या भावाने मिळते.

मागच्या भिंतीला ओल असेल तर तिथे कालनिर्णय टांगावे. ओल मोठी असेल तर पतसंस्थेचे कॅलेंडर घ्यावे, ते रुंद असते.

आता कागद. इथे विनोदाला फारशी जागा नाही, पण लोक करतात. गावठाणातल्या बहुतेकांच्या मते घराचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८. हा उतारा घरपट्टी कोणाच्या नावावर लागते ते सांगतो; मालकी सिद्ध करायला तो एकटा पुरत नाही. बँकेच्या वकिलाला हे आधीपासून माहीत असते, विकणाऱ्याला ते गिऱ्हाइकाचे कर्ज अडकल्यावर कळते. २०२० मध्ये स्वामित्व योजना आली, गावठाणांवर ड्रोन फिरू लागले आणि घरांची मालमत्ता पत्रके निघू लागली. लोकांनी ड्रोनचे फोटो काढले. पत्रक आणायला भूमी अभिलेख कार्यालयात जावे लागते, तिथे फोटो काढण्यासारखे काही नसल्याने बरेच जण गेले नाहीत. आपण जावे.

उताऱ्यावर अजून वडिलांचे नाव असेल आणि वडील जाऊन बरीच वर्षे झाली असतील, तर वारसनोंद आली. वारसनोंद आली की बहिणी आल्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो पक्का झाला, पण भावांना तो खरेदीखताच्या आठवड्यात आठवतो. हक्कसोडपत्राचा विषय कधी काढावा, याबद्दल मतभेद आहेत. कधी काढू नये हे ठरलेले आहे: भाऊबीजेच्या ताटासमोर. तरी काढतात.

‘ताई, एक सही पाहिजे होती.’

ताई निरांजनाची वात सारखी करते. दाजी चहा ढवळत राहतात. साखर कधीच विरघळलेली असते.

‘सहीचं काय एवढं,’ दाजी म्हणतात, ‘पण घर कितीला चाललंय म्हणायचं?’

या प्रश्नापुढे मार्गदर्शन करता येत नाही. हिशेब करून बहिणीचा हिस्सा द्यावा. तो तिचाच आहे, आणि कोर्टापेक्षा स्वस्त पडतो.

मध्यस्थाविषयी थोडक्यात. त्याच्या भाषेत माणसे नसतात, ‘पार्टी’ असते, आणि प्रत्येक पार्टी ‘सिरीयस’ असते. तो दोन्हीकडून कमिशन घेतो, म्हणून दोन्हीकडे सारखाच कळवळा दाखवतो. ‘थोडे रोखीत’ असा प्रस्ताव त्याच्या तोंडून आला तर पुढील माहिती त्याला शांतपणे द्यावी: घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड आयकर खाते लावू शकते. हे ऐकून मध्यस्थ हसतो. हसू द्यावे, दंड त्याला नसतो.

येथे घर दाखवणाऱ्याने हातपाय धुवून, शर्ट बदलून दुसरा माणूस व्हावे.

दुसऱ्या माणसाचा पहिला गुण संशय. सकाळी आपण ‘येणार’ म्हणालो होतो, त्यामुळे दुपारी हा शब्द कानावर पडताच खुर्ची मागे सरकवावी. आणि तो पडतोच. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. मेट्रो धावली नाही, पण माहितीपत्रकांत तिची स्टेशने झाली. पुण्याची सेमी हायस्पीड रेल्वेही अशीच ‘येणार’ आहे. समृद्धी महामार्ग खरोखर झाला आहे, मात्र तो सिन्नर-इगतपुरीकडून जातो, जेलरोडच्या तिसऱ्या मजल्यावरून नाही. शिवाय २०२७ चा सिंहस्थ. सिंहस्थाने रामकुंडावर पुण्य मिळते आणि दसक-पंचकला भाव वाढतो, असे विक्री कार्यालयातला मुलगा फार श्रद्धेने सांगतो.

‘नाशिकरोड स्टेशनपासून दहा मिनिटे’ हे वाक्य वाचल्यावर संध्याकाळी सात वाजता बिटको चौकात दुचाकी घेऊन जावे आणि घड्याळ लावावे.

क्षेत्रफळाची गंमत वेगळी. पूर्वी सुपर बिल्टअप नावाच्या मापात जिना, लिफ्ट आणि वॉचमनची खोलीही आपण विकत घेत असू. २०१६ चा रेरा कायदा आला, २०१७ पासून महारेरा उभे राहिले आणि विक्री कार्पेट क्षेत्रावर होऊ लागली. या कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाल्कनी धरत नाहीत. बोलताना अजूनही ‘सेलेबल’ म्हणतात, कारण तो आकडा मोठा असतो. आपण मोजायचा टेप खिशात न्यावा. सॅम्पल फ्लॅटमधल्या पलंगावर, कोण काय म्हणेल याची पर्वा न करता, आडवे होऊन पाहावे. पाय बाहेर आले तर पलंग लहान केला आहे आणि खोली तेवढीच आहे. घरच्या गोदरेज कपाटाचे माप लिहून नेलेले असावे. ते कोणत्या भिंतीला लागेल हे ठरेपर्यंत टोकन देऊ नये. जुना फ्लॅट पाहत असाल तर भिंतीवरचे कॅलेंडर उचलून पाहावे. का, ते आपल्याला सांगायला नको.

नाशिककराला मधूनच रो हाऊसचा झटका येतो. ‘फ्लॅट म्हणजे अधांतरी. पायाखाली आपली जमीन पाहिजे,’ असे तो म्हणतो, आणि खाली एक खोली, वर दोन असे जिन्याभोवती बांधलेले घर घेतो. आईचे गुडघे तपासल्याशिवाय या फंदात पडू नये. नाहीतर आई खाली, नातवंडे वर, आणि दिवसभर जिन्यात ओरडाओरडा. जमीन पायाखाली राहते, पण तिच्यावर उभे राहायला सवड मिळत नाही.

आधी विकावे की आधी घ्यावे? आधी घेतले तर पैसे नसतात, आधी विकले तर घर नसते. जुन्या घराच्या साठेखतात ताबा देण्याची मुदत शक्य तितकी लांबवून घ्यावी. जुन्या घरावरचा नफा विक्रीनंतर दोन वर्षांत दुसऱ्या राहत्या घरात घातला तर त्यावर करसवलत मिळते. दोन वर्षे भरपूर वाटतात. त्यातला पहिला महिना मामांना पटवण्यात जातो. पितृपक्षात कोणी घर पाहत नाही, म्हणून घेणाऱ्याने त्याच पंधरवड्यात हिंडावे. चहाबरोबर बिस्किटे मिळतात आणि भावही थोडा नरम असतो. दसऱ्याला गेलात तर फक्त पेढा मिळेल.

नवे घर पत्नीच्या एकटीच्या नावावर घ्यावे. मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ‘पण मग घर तिचं होईल,’ अशी शंका काही पुरुष काढतात. ते आधीपासूनच तिचे असते, आता सरकार त्याचे पैसेही कमी घेते. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर जात नाही. हा आकडा मात्र पाठ करून ठेवावा, कारण खर्चाच्या सगळ्या यादीत कमाल मर्यादा असलेली ही एकच ओळ सापडेल.

खरेदीखत झाले, इंडेक्स टू हाती आला, टेम्पो भरला, की शेवटचे काम वीजमीटरवरचे नाव बदलणे. त्यासाठी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातल्या ओळखीच्या साहेबांकडे जाऊ नये. ते महानिर्मितीचे. २००५ मध्ये वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, आणि मीटर महावितरणकडे गेले. अर्ज तिथे करावा, सोबत इंडेक्स टूची प्रत जोडावी आणि आधीच्या मालकाने शेवटचे बिल भरले आहे ना, ते अर्जापूर्वी पाहून घ्यावे.