पॅच लागलाय, हात लावू नका!

कोथरूडला राहणारा माझा मावसभाऊ दिवसा बँकेत असतो आणि रात्री वायरींत. त्याच्याकडे मॉड्युलर सिंथेसायझर आहे. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्राचा कीबोर्ड डोळ्यांसमोर आणू नका. याला पट्ट्याच नाहीत. नुसती भोकं, गोल बटणं आणि रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. कुठली वायर कुठून कुठे गेली, कुठलं बटण किती पिळलं, यावर आवाज ठरतो. या सगळ्या मांडणीला पॅच म्हणतात. वायरी उपटल्या की पॅच गेला, कायमचा.

म्हणून हा लिहून ठेवतो. १९७८ साली आलेल्या प्रॉफेट-५ या सिंथेसायझरनं बटण दाबताच साठवलेला आवाज परत द्यायची सोय केली, हे त्याला कुणी सुनावलं, तर ‘मग त्यात मजा काय?’ म्हणतो आणि पेन्सिल शोधायला लागतो.

यंत्राच्या कोऱ्या चित्राच्या झेरॉक्स काढलेल्या असतात. त्यावर रंगीत पेनांनी वायरी काढायच्या आणि बटणांची टोकं घड्याळाच्या काट्यांसारखी वाचायची. ‘फिल्टर दोनला, रेझोनन्स साडेदहाला,’ असं तो पुटपुटला की आतून मावशी विचारते, ‘दोनला कुणाकडे जायचंय रे?’ लाल वायरी सुरासाठी, निळ्या तालासाठी, असा कडक नियम. लाल संपल्या की पिवळी लावतो आणि कागदाच्या कोपऱ्यात टीप टाकतो : ‘ही पिवळी म्हणजे लालच.’

फोटो काढून पाहिले; वायरी नेमक्या बटणांवर लोंबतात. मग व्हिडिओ, सोबत स्वतःचं निवेदन. त्यात पॅचपेक्षा कुकरच्या शिट्ट्याच जास्त ऐकू येतात. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवून दिला, हे मी एकदा त्याला कौतुकानं सांगायला गेलो. संगीत कसलं झालं, कुणी केलं, काही विचारलं नाही. ‘पॅच कशावर लिहीत असतील रे ते?’ एवढंच.

एवढं करूनही आवाज हुबेहूब परत येत नाही. खोली तापली की ऑसिलेटरचा, म्हणजे मूळ आवाज काढणाऱ्या भागाचा, सूर सरकतो. म्हणून आता नोंदीच्या डोक्यावर ‘मे महिना, पंखा तीनवर’ हेही असतं.

मध्यंतरी कामाच्या ताईंनी यंत्रावरून फडकं फिरवलं. ‘पॅच लागलाय, हात लावू नका’ ही पाटी खाली पडली होती, त्यांचा काय दोष? हा वही घेऊन धावला आणि दोन मिनिटांत विजयी मुद्रेनं ओरडला, ‘साडेअकराचं पावणेबारा झालंय!’ इतक्या वर्षांच्या लिखाणाचा पहिला ठोस उपयोग. पण वाजवून पाहिलं तर पावणेबाराच जास्त गोड! मग नवा कागद, नवं चित्र, आणि खाली नीट अक्षरात : ‘श्रेय – ताई, फडकं.’

माणूस सोन्यासारखा आहे. वाजवतोही छान, वहीतून डोकं वर काढलं तर. कधी त्याच्याकडे जाणं झालं तर जरूर ऐका, चहा घ्या. फक्त ‘हे कसं केलंस?’ असं विचारू नका. पहिल्या पानापासून दाखवतो.